प्रतिस्पर्ध्यांनाच विकलेली गाडी

१९८३ सालची ल माँची चोवीस तासांची शर्यत संपल्यावर पोर्शे कंपनीने एक जाहिरात छापली. तिच्यात शर्यतीचा निकाल दिला होता, पहिल्या दहा क्रमांकांचा. पहिली पोर्शे, दुसरी पोर्शे, तिसरी पोर्शे, असं करत आठव्या क्रमांकापर्यंत पोर्शेच. नवव्या जागी साउबर-बीएमडब्ल्यू. दहाव्या जागी पुन्हा पोर्शे. सोबत एक छोटं वाक्य होतं. त्याचा आशय असा की, परिपूर्ण कोणीच नसतं.

जाहिरात गाजली आणि मोटारशर्यतींच्या इतिहासात जाऊन बसली. पण ती यादी नीट वाचली की त्यात आणखी एक गोष्ट सापडते. नऊ पोर्शेंपैकी कारखान्याच्या स्वतःच्या संघाच्या होत्या दोनच, पहिली आणि दुसरी. उरलेल्या सात गाड्या खासगी संघांच्या होत्या. त्या संघांनी त्या पोर्शेकडून रोख पैसे मोजून विकत घेतल्या होत्या. तिसऱ्या आलेल्या गाडीत मारिओ आंद्रेत्ती आणि त्यांचा मुलगा मायकल होते, आणि ती गाडी कोलोनच्या क्रेमर बंधूंची होती. सगळ्या नऊच्या नऊ एकाच जातीच्या: पोर्शे ९५६.

एखाद्या कंपनीच्या हाती अजिंक्य गाडी लागली तर ती गाडी ती दडवून ठेवते. तिचे आराखडे कुलपात ठेवते आणि दुसऱ्यांनी नक्कल करेपर्यंत जिंकत राहते. पोर्शेने ९५६ पहिल्याच वर्षी जिंकून दाखवली आणि दुसऱ्या वर्षी बाजारात आणली. ज्यांच्याशी लढायचं त्यांनाच ती विकली. मला या गाडीबद्दल जे सांगायचं आहे ते मुख्यतः या विक्रीबद्दल आहे. एका गाडीचं वर्चस्व सहसा शर्यतीचा जीव घेतं. या गाडीच्या वर्चस्वाने मात्र दशकभर शर्यत जगवली.

गोष्ट सुरू होते ती नियमांपासून. सत्तरच्या दशकात तेलाचे दोन मोठे झटके बसल्यावर मोटारशर्यती म्हणजे इंधनाची उधळपट्टी, हा आरोप जोरात होऊ लागला. त्यामुळे १९८२ पासून दीर्घ पल्ल्याच्या शर्यतींसाठी 'ग्रुप सी' नावाची नवी नियमावली आली. तिचं वेगळेपण असं की इंजिन केवढं असावं, टर्बो असावा की नसावा, यावर जवळजवळ बंधनच नव्हतं. वजन ८०० किलोच्या खाली नको. टाकी १०० लिटरची. आणि खरी मेख इंधनात होती. हजार किलोमीटरच्या शर्यतीला सगळं मिळून ६०० लिटर, आणि ल माँच्या चोवीस तासांना २,६०० लिटर. तेवढ्यात काय करायचं ते करा.

आपल्याकडे दारात नवी गाडी आली की शेजारी आधी रंगाचं कौतुक करतात आणि लगेच विचारतात, 'अ‍ॅव्हरेज किती देते?' शर्यतीच्या गाडीला हा प्रश्न तोवर कुणी विचारत नव्हतं. ग्रुप सीने तोच प्रश्न शर्यतीच्या मध्यभागी आणून ठेवला. ताकद हवी तेवढी निर्माण करता येत होती, ती परवडत नव्हती. इंजिन बनवणाऱ्याला, हवेचा प्रवाह पाहणाऱ्याला आणि चालवणाऱ्याला, तिघांनाही एकाच हिशोबात उतरावं लागलं.

या नियमांच्या थोडं आधी पोर्शेमध्ये खांदेपालट झाला होता. जानेवारी १९८१ मध्ये पीटर शुट्झ कंपनीच्या प्रमुखपदी आले. ते जन्माने बर्लिनचे. लहानपणी कुटुंबाबरोबर जर्मनी सोडावी लागली, क्युबामार्गे अमेरिकेत गेले आणि तिथेच इंजिनिअर झाले. त्यांनी शर्यत विभागाला विचारलं की यंदा ल माँला आपण जिंकणार का. उत्तर मिळालं की यंदा न्यायच्या आहेत त्या ९४४ वर बेतलेल्या गाड्या, त्या एकूण विजयाच्या दावेदार नाहीत. शुट्झना हे पटलं नाही. जिंकायचं नसेल तर जायचंच कशाला, अशी त्यांची भूमिका होती. शर्यत काही महिन्यांवर आलेली. अभियंत्यांनी जुनी ९३६ बाहेर काढली, अमेरिकेतल्या इंडी शर्यतींसाठी बनवलेलं आणि वापराविना पडून राहिलेलं २.६५ लिटरचं इंजिन तिच्यात बसवलं, आणि जॅकी इक्स व डेरेक बेल यांनी ती जून १९८१ मध्ये जिंकून दिली. त्या जुळवाजुळवीतून पुढच्या गाडीला इंजिन मिळालं, आणि काम करणाऱ्यांना आत्मविश्वास.

नव्या गाडीचं काम १९८१ च्या उन्हाळ्यात सुरू झालं आणि मार्च १९८२ मध्ये वायसाखच्या चाचणीमार्गावर ती पहिल्यांदा धावली. एवढ्या कमी वेळात सगळंच नवं होतं. पोर्शेने तोवर आपल्या शर्यतीच्या गाड्या नळ्यांच्या सांगाड्यावर बांधल्या होत्या. ९५६ ला पहिल्यांदाच अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचं एकसंध कवच मिळालं. प्रकल्पाचा मेंदू होता नॉर्बर्ट झिंगर. झिंगर हा पोर्शेतला असा अभियंता, ज्याने नियमपुस्तक इतर कुणाहीपेक्षा बारकाईने वाचलं. जे लिहिलं आहे ते आणि जे लिहायचं राहून गेलं आहे तेही.

गाडीखालच्या हवेचं प्रकरण त्या वेळी फॉर्म्युला वनमध्ये ताजं होतं. गाडीच्या पोटाखाली बोगद्यासारखी पोकळी ठेवली की तिच्यातून हवा वेगाने वाहते, दाब कमी होतो, आणि गाडी रस्त्याकडे ओढली जाते. वळणावर टायर घट्ट धरून राहतात. पोर्शेची अडचण अशी की त्यांचं सहा सिलिंडरचं इंजिन आडवं पसरलेलं. तीन सिलिंडर डावीकडे, तीन उजवीकडे, म्हणजे जिथे बोगदे हवेत नेमके तिथे. व्ही आकाराचं अरुंद इंजिन असणाऱ्यांना ही अडचण नव्हती. पोर्शेने इंजिन बदललं नाही. इंजिन आणि गिअरबॉक्स मिळून मागच्या बाजूने थोडं वर उचललं, तिरकं बसवलं, आणि खालून हवेला वाट करून दिली. नियमाप्रमाणे चालकाच्या खाली सपाट तळाचा एक चौकोन ठेवणं सक्तीचं होतं. तो झिंगरने ठेवला, आणि त्याच्या पुढे नाकाखाली एक खोलगट खोबण केली, ज्यामुळे पुढची चाकंही दाबली जाऊ लागली. आजही त्या खोबणीला त्याच्याच नावाने ओळखतात.

पोर्शेच्या श्टुटगार्टमधल्या संग्रहालयात एक ९५६ छताला उलटी टांगलेली आहे. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे ताशी ३२१.४ किलोमीटर वेगाला ही गाडी हवेच्या दाबावर छताला चिकटून धावू शकेल. हा कागदावरचा हिशोब आहे, कुणी करून पाहिलेलं नाही. पण ल माँच्या सरळ रस्त्यावर ती ताशी ३५० किलोमीटरच्या पुढे जात असे, आणि ते मात्र हजारो लोकांनी पाहिलं आहे. हा रस्ता म्हणजे एरवीची सार्वजनिक सडक. त्या काळी मधे वेगाला अडवणारं एकही वळण नसलेला जवळपास सहा किलोमीटरचा पट्टा, दोन्ही बाजूंना झाडं, आणि रात्रीही तोच वेग.

पहिली शर्यत मे १९८२ मध्ये सिल्व्हरस्टोनला झाली आणि तिने पोर्शेला नवा नियम चांगलाच समजावला. शर्यत सहा तासांची होती आणि इंधन मिळालं होतं हजार किलोमीटरच्या हिशोबाने. इक्स आणि बेल वेगाने गेले असते तर टाकी आधीच कोरडी पडली असती. त्यामुळे नव्या कोऱ्या, जगातल्या सर्वांत वेगवान गाडीला शेवटी संथ चालत दुसरं यावं लागलं. पुढे लान्चिया होती, आणि ती जुन्या वर्गातली असल्यामुळे तिला इंधनाची मर्यादाच नव्हती. ग्रुप सीमध्ये मात्र ९५६ पहिली आली.

महिन्याभराने ल माँ. कारखान्याच्या तीन गाड्या, क्रमांक एक, दोन आणि तीन. चोवीस तासांनी त्याच क्रमाने तिघी पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या. निळ्या-पांढऱ्या रंगातल्या त्या तीन गाड्यांचं एकत्र रेषा ओलांडतानाचं छायाचित्र प्रसिद्ध आहे. विजेत्या गाडीत इक्स आणि बेल. इक्सचा ल माँमधला हा सहावा विजय, आणि शेवटचा. त्यांनी चोवीस तासांत ४,८९९ किलोमीटर कापले. २,६०० लिटरने भागा: लिटरला १.९ किलोमीटरच्या आत. हा आकडा लक्षात ठेवा, तो पुढे लागणार आहे.

१९८३ च्या हंगामासाठी गाड्या विकायला काढल्या गेल्या. योस्ट, क्रेमर, जॉन फिट्झपॅट्रिक, रिचर्ड लॉइड, वाल्टर ब्रुन, अशा संघांनी त्या घेतल्या. यातले बरेचसे स्वतः शर्यतपटू होते किंवा कधीकाळी होते. कुणाचं गॅरेज होतं, कुणाचा धंदा दुसराच होता. पोर्शे गाडी विकून मोकळी होत नसे. शर्यतीच्या ठिकाणी सुटे भाग घेतलेला ट्रक यायचा, इंजिनांची देखभाल व्हायची, सल्ला मिळायचा. कारखान्याचा संघ मात्र नेहमी एक पाऊल पुढचा माल स्वतःकडे ठेवायचा. इंजिनाचं नियंत्रण करणारी बॉशची मोट्रॉनिक ही इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आधी कारखान्याच्या गाडीत आली आणि मग ग्राहकांच्या. विक्रेता आणि प्रतिस्पर्धी एकच असल्यावर हे होणारच, आणि खासगी संघ त्यावर कुरकुरतही असत. पण त्यातल्या काहींनी कुरकुरण्यापेक्षा हत्यारं उचलली.

फिट्झपॅट्रिकने सप्टेंबर १९८३ मध्ये ब्रँड्स हॅचच्या पावसात डेरेक वॉरविकबरोबर कारखान्याच्या गाड्यांना हरवलं. लॉइडच्या संघाने तर मूळ कवचच नाकारलं. नायजेल स्ट्राउडने त्यांच्यासाठी मधमाश्यांच्या पोळ्यासारखी रचना असलेल्या अ‍ॅल्युमिनियमचं नवं, जास्त ताठ कवच बनवलं, आणि ती गाडी १९८४ मध्ये त्याच ब्रँड्स हॅचला जिंकली. १९८६ चं संघांचं जागतिक विजेतेपद कारखान्याला मिळालंच नाही. ते ब्रुनच्या खासगी संघाने नेलं. १९८४ च्या जुलैमध्ये नुर्बुर्गरिंगला योस्टच्या ९५६ मध्ये एक चोवीस वर्षांचा ब्राझीलचा मुलगा बसला होता, तो आठवा आला. आयर्तोन सेना त्याचं नाव. दीर्घ पल्ल्याच्या गाडीतली त्याची ती एकमेव शर्यत.

या सगळ्यांत राइनहोल्ड योस्टचा संघ मला सर्वांत विलक्षण वाटतो, कारण त्यांना नियमाचा गाभा कळला होता. १९८४ मध्ये इंधनात पंधरा टक्के कपात होणार होती. पोर्शेने त्यासाठी तयारी केली, आणि ऐन वेळी आंतरराष्ट्रीय महासंघाने कपात पुढे ढकलली. पोर्शेने निषेध म्हणून कारखान्याचा संघ ल माँला पाठवलाच नाही. योस्टची पिवळ्या-काळ्या रंगातली सात नंबरची ९५६ जिंकली. चालवणारे क्लाउस लुडविग आणि आँरी पेस्कारोलो. लोक म्हणाले, मांजर घरी नव्हतं म्हणून.

१९८५ मध्ये कपात लागू झाली. २,६०० लिटरचे सुमारे २,२०० झाले. कारखान्याचा संघ आला, सोबत ९६२ सी ही नवी गाडी घेऊन. योस्टकडे तीच गाडी होती, तोच सांगाडा, ९५६ क्रमांक ११७. लुडविगच्या जोडीला या वेळी पाओलो बारिला आणि 'जॉन विंटर' या टोपणनावाने धावणारा एक जर्मन व्यावसायिक. आईला आपला हा नाद कळू नये म्हणून त्याने नाव बदललं होतं.

शर्यत सुरू झाली आणि योस्टची गाडी व लॉइडची गाडी यांनी एक गंमत केली. दोन वेगवेगळे संघ, दोघेही खासगी, दोघांचा समान शत्रू कारखाना. सरळ रस्त्यावर पुढच्या गाडीच्या मागे चिकटून राहिलं की हवेचा अडथळा कमी होतो आणि इंधन वाचतं. तसं एकदा याने पुढे व्हायचं, एकदा त्याने. लुडविग आणि जोनाथन पामर फेऱ्यामागून फेऱ्या एकमेकांना असे ओढत राहिले, आणि दोघांच्याही टाकीत जास्त इंधन उरत गेलं. कारखान्याच्या गाड्यांना तो वेग ठेवायचा तर पेट्रोल पुरेना. पेट्रोल पुरवायचं तर वेग सोडावा लागे. निकाल: पहिली योस्टची ९५६, दुसरी लॉइडची ९५६, तिसरी कारखान्याची ९६२ सी.

आता तो मघाचा आकडा. १९८५ मध्ये योस्टच्या गाडीने ५,०८८ किलोमीटर कापले. १९८२ पेक्षा जवळपास १९० किलोमीटर जास्त, आणि ४०० लिटर कमी इंधनात. लिटरला १.९ वरून २.३. तीन वर्षांत, त्याच जातीच्या गाडीने, वेग वाढवत. महासंघाला १९८२ मध्ये जे घडायला हवं होतं ते यापेक्षा नेमकं घडणं शक्य नव्हतं. आणि ते करून दाखवलं ते गाडी विकत घेणाऱ्याने, गाडी बनवणाऱ्याला हरवून. माझ्या मते ९५६ च्या सगळ्या विजयांत हा विजय पहिल्या जागेचा आहे, जरी छायाचित्र १९८२ चं जास्त छापलं जात असलं तरी.

चालकांवर या नियमाने काय परिणाम झाला, हे डेरेक बेलकडे पाहिलं की कळतं. बेल इंग्लंडचा, ल माँ पाच वेळा जिंकलेला, यातले तीन विजय ९५६ आणि ९६२ मधले. चालकासमोर टर्बोचा दाब कमी-जास्त करायची एक कळ असायची. कुठे दाब वाढवायचा, कुठे उतरवायचा, वळणाच्या किती आधी पाय उचलून गाडी नुसत्या वेगावर जाऊ द्यायची, याचं गणित तो चालवता चालवता मांडायचा. १९८३ ला ल माँच्या शेवटच्या फेरीत तो पुढच्या गाडीचा पाठलाग करत होता. अल होल्बर्टच्या त्या गाडीचं दार शर्यतीत आधीच उडालं होतं, त्यामुळे थंड होण्याची व्यवस्था बिघडली होती आणि इंजिन अडकत होतं. बेलचं इंजिन ठणठणीत होतं, पण टाकी जवळजवळ रिकामी. दोघेही कसेबसे पोहोचले, होल्बर्ट आधी.

अशा जमाखर्चाच्या काळात श्टेफान बेलोफ नावाचा मुलगा आला आणि त्याने जमाखर्च बाजूला सारला. २८ मे १९८३. नुर्बुर्गरिंगचा जुना उत्तरेचा मार्ग: आयफेलच्या डोंगरांतून चढणारा-उतरणारा, जंगलातला, शेकडो मीटरच्या चढउतारांचा, २०.८ किलोमीटरचा. हजार किलोमीटरच्या शर्यतीआधीच्या पात्रता फेरीत पंचवीस वर्षांच्या बेलोफने ती फेरी ६ मिनिटं ११.१३ सेकंदांत मारली. सरासरी ताशी दोनशे किलोमीटरच्या वर. त्याच्या मागचा, त्याच्याच संघातला अनुभवी चालक पाच सेकंदांहून जास्त मागे होता. शर्यतीत बेलोफ आघाडीवर असताना गाडी उडून आपटली, तो चालत बाहेर आला. जुना मार्ग पुढे या दर्जाच्या शर्यतींसाठी वापरलाच गेला नाही, आणि तो विक्रम पस्तीस वर्षं टिकला. २०१८ मध्ये तो मोडला तोही पोर्शेनेच, सगळ्या नियमांतून मोकळी केलेली ९१९ संकरित गाडी नेऊन.

बेलोफ १९८४ चा जगज्जेता झाला. १ सप्टेंबर १९८५ ला बेल्जियमच्या स्पा मार्गावर, ब्रुनच्या संघाची ९५६ चालवताना, त्याने ओ रूज या उतारावरून चढणीला लागणाऱ्या वळणावर इक्सला ओलांडण्याचा प्रयत्न केला. दोन्ही गाड्या एकमेकींना लागल्या. बेलोफची गाडी समोरून भिंतीवर आदळली आणि तो गेला. सत्तावीस वर्षांचा होता. तीनच आठवडे आधी कॅनडात मोसपोर्टला मानफ्रेड विंकलहोक क्रेमरच्या ९६२ मध्ये जखमी होऊन मरण पावला होता. पुढच्या वर्षी ल माँच्या रात्री योझेफ गार्टनर.

इथे या गाडीचं कौतुक थांबवून एक गोष्ट सांगायला हवी. ९५६ मध्ये चालकाचे पाय पुढच्या चाकांच्या आसाच्याही पुढे असायचे. समोरून धडक बसली की आधी पाय. अमेरिकेतल्या इम्सा या संघटनेने हे मान्य केलं नाही. पाय आसाच्या मागे असल्याशिवाय आमच्याकडे धावता येणार नाही, असा त्यांचा नियम होता. म्हणून १९८४ मध्ये पोर्शेने पुढची चाकं बारा सेंटिमीटर पुढे सरकवली, आणि त्या गाडीचं नाव झालं ९६२. युरोपात हा बदल पुढच्या वर्षी आला, आणि तोही फक्त नव्या गाड्यांना. आधी विकलेल्या ९५६ तशाच धावत राहिल्या. बारा सेंटिमीटरने बेलोफ वाचला असता असं मी म्हणत नाही. पण अमेरिकेत जो बदल आधी सक्तीचा होता तो युरोपात जुन्या गाड्यांसाठी ऐच्छिक राहिला, आणि नियम करणाऱ्यांनी इंधनाच्या लिटरांवर जेवढा वेळ घालवला त्याच्या एक दशांश वेळ या पायांवर घालवला असता तर बरं झालं असतं, असं मला ठामपणे वाटतं. काही खासगी संघांनी मग अधिक भक्कम कवचं बनवून घेतली. ती काळजी ग्राहकांनी घेतली.

अमेरिकेत ९६२ ने तेच केलं जे ९५६ ने युरोपात केलं होतं. डेटोनाची चोवीस तासांची शर्यत १९८५, १९८६, १९८७, १९८९ आणि १९९१ मध्ये तिने जिंकली, आणि तिथेही बहुतेक गाड्या ग्राहकांच्याच.

९६२ मध्ये बसवून पाहिलेली एक वस्तू मात्र आज पुण्याजवळ चाकणच्या रस्त्यांवरही भेटते. पोर्शेचे अभियंते तेव्हा दोन क्लचच्या गिअरबॉक्सवर काम करत होते. एका क्लचवर एक, तीन, पाच. दुसऱ्यावर दोन, चार. एक गिअर चालू असताना पुढचा आधीच तयार. गिअर बदलताना ताकद खंडित होत नाही, त्यामुळे टर्बोचा दाबही पडत नाही. हा गिअरबॉक्स जड होता, सुरुवातीला भरवशाचा नव्हता, आणि हान्स श्टुकसारख्या चालकांना त्याच्या चाचण्यांचा भार सोसावा लागला. १९८६ मध्ये मोंझाला श्टुक आणि बेल यांनी त्याच्यासह पहिली जागतिक शर्यत जिंकली. पोर्शेच्या रस्त्यावरच्या ९११ मध्ये तो यायला २००८ उजाडलं. फोक्सवॅगनने त्याच तत्त्वावरचा गिअरबॉक्स आधीच, २००३ मध्ये गोल्फमध्ये आणला होता, आणि दहा वर्षांनी चाकणच्या कारखान्यात बनलेल्या पोलो जीटीमधून तो आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरात आला. सिग्नलला उभ्या पोलोत बसलेल्याला मोंझा आठवण्याचं कारण नाही, पण नातं खरं आहे.

१९८७ पर्यंत बाकीचे जागे झाले होते. जॅग्वारने त्या वर्षी जागतिक मालिकेतल्या दहापैकी आठ शर्यती जिंकल्या. ल माँ मात्र त्यांच्या हाती लागली नाही. आयोजकांनी पुरवलेल्या पेट्रोलचा दर्जा कमी निघाला आणि सुरुवातीलाच एकामागून एक पोर्शेंची इंजिनं गेली. कारखान्याची एकच गाडी उरली. तिच्या इंजिननियंत्रणाची चिप बदलली गेली, आणि बेल, श्टुक व होल्बर्ट यांनी ती शेवटपर्यंत नेली. १९८२ पासून सलग सहावा विजय, आणि १९८१ ची ९३६ धरली तर पोर्शेचा सलग सातवा.

१९८८ ला साखळी तुटली, आणि ज्या गोष्टीने पोर्शेला जिंकवलं होतं त्याच गोष्टीने तुटली. लुडविग आता कारखान्याच्या गाडीत होता. एक फेरी जास्त ताणायला गेला आणि टाकी कोरडी पडली. स्टार्टर मोटरवर रांगत तो पिटमध्ये आला. तिथे गेलेला वेळ भरून काढता काढता चोवीस तास संपले आणि जॅग्वार अडीच मिनिटांच्या आसपास अंतराने जिंकली. इंग्लंडहून आलेल्या हजारो प्रेक्षकांनी मार्गावर धाव घेतली.

मग साउबर-मर्सिडीज आली, निसान, टोयोटा, माझदा आले. १९८९ ला ल माँ साउबरची, १९९१ ला चार रोटरच्या माझदाची. या सगळ्या मोठ्या कंपन्या का आल्या? कारण हरवण्याजोगं काहीतरी तिथे होतं, आणि शर्यतीला गर्दी होती. ती गर्दी विकलेल्या पोर्शेंची होती. एखादी मोठी कंपनी एक वर्ष आली नाही तरी सुरुवातीच्या रांगेत दहा-पंधरा पोर्शे उभ्या असायच्याच, आणि त्यातली एखादी जिंकायच्या लायकीची असायची. हा पाया लोकांना दिसला नाही, कारण तो रोजचा झाला होता.

नियम करणाऱ्यांनाही तो दिसला नाही. १९९१ पासून त्यांनी फॉर्म्युला वनसारखी साडेतीन लिटरची, टर्बो नसलेली इंजिनं आणली आणि इंधनाची मर्यादा नव्या गाड्यांसाठी काढून टाकली. ही इंजिनं महाग, थोड्या अंतराची, आणि बाजारात विकत मिळत नव्हती. योस्ट, ब्रुन, क्रेमर यांनी काय चालवायचं? जुन्या पोर्शेंवर वजन लादून त्या नाउमेद केल्या गेल्या. १९९२ ला ल माँला फक्त २८ गाड्या सुरुवातीला उभ्या राहिल्या. १९९३ ची जागतिक मालिका रद्द झाली. दोन वर्षांत, प्रेक्षक आणि निर्माते दोन्ही हातात असताना, ती मालिका मारली गेली, आणि हे कुठल्या एका गाडीच्या वर्चस्वाने झालेलं नाही.

९६२ मात्र मेली नाही. १९९४ ला रस्त्यावरच्या गाड्यांवर बेतलेल्या 'जीटी' गाड्यांसाठी ल माँने वेगळे, सवलतीचे नियम केले. योखेन डाउअर नावाचा उद्योजक ९६२ ला नंबरप्लेट लावून रस्त्यावरची महागडी गाडी म्हणून विकत होता. झिंगरने नियम वाचला. रस्त्यावरची आवृत्ती अस्तित्वात आहे, म्हणजे ही जीटी आहे. तिची टाकी मोठी, १२० लिटरची. शर्यतीत टोयोटा पुढे होती, शेवटच्या टप्प्यात तिच्या गिअरची जोडणी तुटली, आणि बारा वर्षांपूर्वीच्या आराखड्याची गाडी जिंकली. यानंतर नियम बदलले गेले, साहजिकच.

इंधनावर लगाम घालण्याची कल्पना २०१४ ला परत आली. जागतिक मालिकेतल्या संकरित गाड्यांना दर फेरीला किती ऊर्जा वापरता येईल ते ठरवून देण्यात आलं. पोर्शेने ९१९ आणली आणि २०१५, २०१६, २०१७ अशी सलग तीन वर्षं ल माँ जिंकली. पण ९१९ कुणाला विकली नाही. ती विकण्यासारखी नव्हती. ती चालवायला अभियंत्यांची फौज लागत असे. तिच्याबरोबरच्या कंपन्या एकेक करून निघून गेल्या, आणि २०१७ नंतर ती स्वतःही गेली, तेव्हा सर्वोच्च वर्गात टोयोटा ही एकच मोठी कंपनी मागे राहिली.

२०२३ ला पोर्शे परत आली ती ९६३ घेऊन. क्रमांक ९६२ च्या पुढचा, मुद्दाम ठेवलेला. आणि ही गाडी पहिल्याच वर्षापासून ग्राहकांसाठी खुली होती. इंग्लंडच्या जोटा संघाने ती घेतली, जर्मनीच्या प्रोटोनने घेतली, अमेरिकेत जेडीसी-मिलरने घेतली. मे २०२४ मध्ये स्पाला, अपघातामुळे थांबवून पुन्हा सुरू केलेल्या सहा तासांच्या शर्यतीत जोटाची सोनेरी-काळी ९६३ पहिली आली. चालवणारे होते विल स्टीव्हन्स आणि कॅलम आयलट. दुसऱ्या क्रमांकावर होती कारखान्याची ९६३.